रेषेबाहेरचा माणूस : प्रस्तावना

शालेय फुटबॉलच्या सुब्रतो चषकाच्या जिल्हा फेरीतला सामना होता. पंचांनी आमच्याविरुद्ध ऑफसाइड दिला आणि आमचा चौदा वर्षांचा कर्णधार दोन्ही हात आभाळाकडे उचलून, ते मांडीवर जोरात आपटून, पंचांच्या अंगावर धावत गेला. शेजारी दुसऱ्या शाळेचे क्रीडाशिक्षक उभे होते. ते माझ्याकडे न बघताच हळू आवाजात म्हणाले, "सर, हे तुमचंच आहे." खरंच माझंच होतं. हात उचलणं माझं, मांडीवर आपटणं माझं, पंचांकडे धावत जाणंही माझंच. त्या पोराला मी इनसाइड पास शिकवला होता, थ्रो-इन शिकवला होता, चेंडू छातीवर कसा घ्यायचा ते शिकवलं होतं. हे मी कधी शिकवलं नव्हतं. माझ्याकडे बघून बघून त्याने ते उचललं होतं.

त्या दिवसाला आता बरीच वर्षं झाली. फुटबॉल प्रशिक्षकांवरच्या लेखांच्या या संग्रहाला प्रस्तावना लिहा, असा निरोप आला तेव्हा पुस्तकं उघडण्याआधी तो पोरगा डोळ्यांसमोर आला. या संग्रहाचा विषय एका वाक्यात सांगता येतो : प्रशिक्षकाचा स्वभाव आणि त्याची पद्धत संघाच्या यशाला कशी घडवते. वाक्य सोपं आहे. पण गेली काही वर्षं आपल्याकडे फुटबॉलवर जे बोललं जातं, त्यात फॉर्मेशनचे आकडेच जास्त असतात. रात्री जागून युरोपातले सामने बघणारी आमच्या वर्ध्याजवळची सिंदी मेघेतली, सावंगीतली, बोरगावातली पोरं मला चार-तीन-तीन आणि तीन-पाच-दोन यांतला फरक माझ्यापेक्षा चांगला समजावून सांगतात. त्यांना आकडे समजतात याचा मला आनंदच आहे. माझं म्हणणं एवढंच, की आकड्यांच्या आधी एक माणूस असतो. तो रेषेबाहेर उभा असतो, नव्वद मिनिटांत त्याला चेंडूला पाय लावायची परवानगी नसते, आणि तरीही आतल्या अकरा जणांच्या चालण्या-बोलण्यात तो दिसत राहतो.

भारतात याचं सर्वांत मोठं उदाहरण हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. ते मूळचे शाळामास्तर, आणि त्यांच्या फुटबॉलमध्ये ते मास्तरपण शेवटपर्यंत राहिलं. हैदराबाद सिटी पोलीस हा त्यांचा संघ. मुंबईच्या कूपरेज मैदानावर 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं या संघाने रोव्हर्स चषक जिंकला. रोव्हर्स ही 1891 मध्ये सुरू झालेली स्पर्धा. कूपरेजच्या लाकडी बाकांवर बसून ज्यांनी ते सामने पाहिले, त्यांच्यात मराठी माणसं थोडी नव्हती. शिवाय तेव्हा आपला मराठवाडाही हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे रहीमसाहेब आपल्याला अगदीच परके नाहीत.

मास्तर म्हणून त्यांनी काय केलं? ड्रिबलिंग करायला बंदी असलेले सामने भरवले. म्हणजे चेंडू आला की तो दिलाच पाहिजे, स्वतःजवळ खेळवत बसायचं नाही. दुसरी स्पर्धा अशी, की ज्या पायाने खेळायची सवय नाही त्याच पायाने खेळायचं. हा शाळेतला गृहपाठच आहे. ज्या मुलाचं गणित कच्चं त्याला रोज गणितच द्यायचं. कौशल्याची मिरवणूक काढणाऱ्या खेळाडूला अशा सरावातून समजतं, की या संघात मिरवणं चालत नाही, आणि हे सांगायला कोणाला भाषण करावं लागत नाही. मला रहीम यांचं मोठेपण इथे दिसतं. आपल्याला हवा तो स्वभाव त्यांनी सरावाच्या नियमात बसवला. नियम रोज संध्याकाळी मैदानावर हजर असतो. भाषण घरी पोचेपर्यंत विसरलेलं असतं.

1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला 10-1 असं हरवलं. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळत होते. प्रशिक्षक रहीमच होते. असा पराभव पचवून माणूस एक तर कडवट होतो किंवा शिकायला बसतो. रहीम शिकायला बसले. मधल्या काळात हंगेरीने जगाला जो खेळ दाखवला, मागे उतरून खेळणारा सेंटर फॉरवर्ड, जागा बदलत राहणारी आघाडी, तो त्यांनी अभ्यासला. चार वर्षांनी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 हरवलं. त्यातले तीन गोल नेव्हिल डिसूझांचे. मूळचा गोव्याचा हा खेळाडू मुंबईत टाटांकडून खेळायचा. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये त्याच्या पुढे आपण आजतागायत गेलेलो नाही.

आणि मग 1962 चं जकार्ता. तिथल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत इस्रायल आणि तैवान यांना प्रवेश नाकारण्यावरून वाद पेटला होता. एका भारतीय क्रीडाधिकाऱ्याने त्यावर जाहीर आक्षेप घेतला आणि सगळं शहर भारतीय संघावर रागावलं. संघ मैदानात उतरला की प्रेक्षक हुर्यो उडवत. पहिलाच सामना दक्षिण कोरियाविरुद्ध 0-2 असा गेला. थायलंडविरुद्ध जर्नैल सिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. जर्नैल म्हणजे बचावाचा खांब. जखमी डोक्याने तो बचावात चेंडू हेड करणार कसा? रहीमनी त्याला बाकावर बसवलं नाही. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्याला थेट आघाडीला खेळवलं. भारत 3-2 जिंकला. अंतिम सामना पुन्हा दक्षिण कोरियाशीच, 4 सप्टेंबरला. पहिल्या वीस मिनिटांत दोन गोल झाले, एक पी. के. बॅनर्जींचा, दुसरा बचावातून आघाडीला आणलेल्या त्याच जर्नैलचा. 2-1 ने सुवर्ण. गोलपोस्टमध्ये आजारातून उठलेला पीटर थंगराज होता.

हे सगळं घडत होतं तेव्हा रहीम स्वतः कर्करोगाने पोखरले जात होते. जून 1963 मध्ये ते गेले. आशियाई स्पर्धेतलं फुटबॉलचं सुवर्ण त्यानंतर भारताला मिळालेलं नाही. जखमी बचावपटूला पुढे आणणं ही चाल फळ्यावर काढायला दोन मिनिटं लागतात. ती अमलात आणायला मात्र असा संघ लागतो, ज्यातला कोणीही "माझी जागा ही" असं म्हणत नाही. तो संघ ड्रिबलिंग-बंदीच्या त्या संध्याकाळांनी तयार केला होता असं मी मानतो.

पण म्हणून रहीम यांची नक्कल केली की सुवर्ण येतं का? इथे या विषयातली अवघड गोष्ट सुरू होते. त्यासाठी थोडं इंग्लंडला जाऊ. ब्रायन क्लफ हा तोंडाळ, हुशार, स्वतःवर प्रचंड विश्वास असलेला प्रशिक्षक. डर्बी काउंटीसारख्या लहान क्लबला त्याने 1972 मध्ये इंग्लंडचं विजेतेपद मिळवून दिलं. 1974 मध्ये तो लीड्स युनायटेडकडे गेला. लीड्स त्या वेळचे विजेते, आणि क्लफ त्यांच्यावर वर्षानुवर्षं जाहीर टीका करत आलेला. पहिल्याच बैठकीत त्याने खेळाडूंना साधारण असं सुनावलं, की तुमची पदकं कचऱ्यात टाका, ती तुम्ही सरळ मार्गाने मिळवलेली नाहीत. 44 दिवसांत त्याला जावं लागलं. पुढे हाच माणूस, हीच जीभ घेऊन नॉटिंगहॅम फॉरेस्टला आला. दुसऱ्या विभागातला तो संघ 1977 मध्ये वर चढला, 1978 मध्ये इंग्लंडचा विजेता झाला आणि 1979 व 1980 अशी लागोपाठ दोन वर्षं युरोपीय चषक जिंकला.

स्वभाव तोच होता, मग फरक कशात होता? फॉरेस्टमध्ये सिद्ध व्हायची भूक असलेले, कोणी फारसं न विचारलेले खेळाडू होते. त्यांना क्लफचा दरारा आधारासारखा वाटला. लीड्सच्या खेळाडूंना तोच दरारा अपमान वाटला. आणखी एक गोष्ट. क्लफचा सोबती पीटर टेलर डर्बीत होता, फॉरेस्टमध्ये होता, लीड्सला मात्र तो गेला नव्हता. खेळाडू हेरायची नजर टेलरची, आणि क्लफने पेटवलेलं विझवायचं कामही त्याचंच. प्रशिक्षकाचा स्वभाव म्हणताना आपण एका माणसाचा विचार करतो. पुष्कळदा तो स्वभाव दोन माणसांचा मिळून बनलेला असतो. आपल्या शाळांमध्येही पाहा, कडक सरांच्या मागे पोरांना पाणी देणारा, बोटाला पट्टी बांधणारा एक शिपाईमामा असतो. तो निवृत्त झाला की सर अचानक नुसते कडक उरतात.

महाराष्ट्रात क्लफच्या या गोष्टीच्या जवळ जाणारी गोष्ट प्रशिक्षक खालिद जमील यांची. मुंबई एफसी हा आय-लीग या देशाच्या तेव्हाच्या अव्वल लीगमधला कमी पैशाचा संघ होता. तिथे जमील 2009 पासून 2016 पर्यंत प्रशिक्षक होते. मोठी नावं घेणं परवडत नव्हतं. आधी गोल खाऊ नका, मग बाकीचं बघू, अशी त्यांची पद्धत. बघायला फार रंजक नव्हती, पण संघ दर वर्षी तग धरून राहायचा. 2016 नंतर क्लबने त्यांना मोकळं केलं. ते मिझोरामला ऐझॉल एफसीकडे गेले. हा क्लब आदल्या हंगामात खालच्या विभागात उतरला होता, पण त्याला परत घेतलं गेलं होतं. मुंबईचा जयेश राणेही त्यांच्याबरोबर ऐझॉलला खेळला. एप्रिल 2017 मध्ये ऐझॉलने मोहन बागानला घरच्या मैदानावर 1-0 हरवलं आणि महिनाअखेर आय-लीग जिंकली. ईशान्य भारतातला देशाचा विजेता झालेला हा पहिला क्लब. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेली, खालच्या विभागात उतरली आणि पुढे बंदच पडली. माझ्या मते सोडून दिलेल्या प्रशिक्षकाची किंमत इतक्या ठळकपणे दाखवणारा दुसरा हंगाम भारतीय फुटबॉलमध्ये नाही.

जमील कमी बोलतात. पत्रकारांच्या प्रश्नांना दोन वाक्यांत उत्तर देतात, श्रेय खेळाडूंकडे ढकलतात. अशा माणसाच्या संघात खेळाडू निवांत होतो, कारण उद्याच्या वर्तमानपत्रात आपलं नाव प्रशिक्षकाच्या तोंडून वाईट रीतीने छापून येणार नाही याची त्याला खात्री असते. ऑगस्ट 2025 मध्ये ते भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. महिन्याभरात मध्य आशियाई संघांच्या स्पर्धेत भारताने ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरं स्थान घेतलं. पण ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरने आपल्याला 2-1 हरवलं आणि 2027 च्या आशियाई चषकाचा रस्ता बंद झाला. हे मी मुद्दाम लिहितो आहे. क्लबच्या प्रशिक्षकाला पोरं रोज भेटतात, वर्षभर भेटतात. राष्ट्रीय प्रशिक्षकाला ती मोजक्या दिवसांसाठी मिळतात. स्वभाव मुरायला वेळ लागतो. लोणच्याला जेवढा लागतो त्यापेक्षा तर नक्कीच जास्त.

वेळ मिळाला तर काय होतं, याचं उत्तर गोव्यात आहे. आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली डेंपो क्लबने 2004-05 ते 2011-12 या काळात पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. रँटी मार्टिन्ससारखे परदेशी खेळाडू होते, पण संघाचा कणा क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, महेश गवळी, क्लिफर्ड मिरांडा अशा गोव्याच्या पोरांचा. सरकारने कुलासोंना 2024 चा द्रोणाचार्य पुरस्कार दिला. पण त्यांच्या कामाचा खरा दाखला मला वेगळाच वाटतो. समीर नाईक पुढे डेंपोचेच प्रशिक्षक झाले, महेश गवळी भारतीय संघाच्या प्रशिक्षकवर्गात गेले, क्लिफर्ड मिरांडांनी 2023 मध्ये ओडिशाला सुपर कप जिंकून दिला. ज्याचे खेळाडू पुढे प्रशिक्षक होतात, त्याने त्यांना नुसतं खेळवलेलं नसतं, आपण काय करतो आहोत हे त्यांना समजावूनही सांगितलेलं असतं.

आता आपल्या अंगणात येऊ. सिंदी मेघेहून नागपूर रेल्वेने दीड तासाच्या आत. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये, पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली. त्यांनी त्यांना चेंडू दिला. नुसतं एवढंच केलं असतं तरी ते चांगलं काम झालं असतं, आणि तिथेच संपलंही असतं. बारसे सरांनी पुढच्या वर्षी झोपडपट्टी फुटबॉलची स्पर्धा भरवली. शंभराहून अधिक संघ आले. त्यातून स्लम सॉकर ही संस्था उभी राहिली. भारतीय पोरं बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेली, सरांचा मुलगा अभिजीत अमेरिकेतून परतून कामात उतरला, 2016 मध्ये फिफाने संस्थेला डायव्हर्सिटी पुरस्कार दिला. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा चित्रपट 4 मार्च 2022 ला प्रदर्शित झाला आणि ही गोष्ट घराघरांत पोचली.

चित्रपट पाहून पुष्कळ जण मला म्हणाले, की सरांनी बिघडलेल्या पोरांना सुधारलं. मला हे मांडणं पटत नाही. बारसे सरांच्या पद्धतीत मला जे दिसतं ते असं : त्यांनी आधी पोरांना खेळायला बोलावलं. व्यसन सोडा, शिव्या सोडा, मग या, अशी अट पुढे ठेवली नाही. आपल्याकडचा बहुतेक क्रीडाशिक्षक दारातच अटी सांगतो. बूट आणा, ड्रेस आणा, फी भरा, केस कापा. ज्या पोराकडे बूट नाहीत तो दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि आपण वहीत लिहितो, 'आवड नाही'. रहीम यांच्या यशाची मोजदाद पदकांत होते. बारसे सरांच्या यशाची मोजदाद काल आलेला पोरगा आज आला का, या प्रश्नात होते. दोन्ही माणसं शिक्षकीतूनच आली, हे मला योगायोग वाटत नाही. शिक्षकाला वर्गातल्या शेवटच्या बाकाची सवय असते.

जगभर अशा वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या संस्था फुटबॉलची एक पद्धत वापरतात. तीत पंचच नसतो. सामन्याआधी दोन्ही संघ एकत्र बसून नियम ठरवतात, मग खेळतात, आणि संपल्यावर पुन्हा बसून कोण किती सचोटीने खेळलं याचे गुण एकमेकांना देतात. मी ही पद्धत आमच्या पोरांवर वापरली ती त्या ऑफसाइडच्या प्रसंगानंतर बऱ्याच वर्षांनी. पहिले आठ दिवस नुसता गोंधळ झाला. नंतर एका पोट्ट्याने स्वतःहून हात वर केला आणि म्हणाला, "माझ्या हाताला लागला बॉल." मी त्या वेळी तोंडातून शब्दही काढला नव्हता. ते मला जमलं, त्यालाही बराच काळ लागला होता.

एवढा काळ का लागला, याचं उत्तर आमच्या शिक्षणात आहे. विदर्भातल्या कितीतरी क्रीडाशिक्षकांचं शिक्षण अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात झालं. 1914 साली सुरू झालेल्या या संस्थेचं पथक 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आलं. तिथून बाहेर पडलेल्या पिढीला शरीर, शिस्त, कवायत उत्तम येत होती, आणि आमच्या गावोगावच्या मैदानांवर त्यांनी घाम गाळला म्हणूनच खेळ टिकला. या पिढीबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण 'हरल्यावर पोरांशी पहिलं वाक्य काय बोलायचं' हा विषय आमच्या अभ्यासक्रमात नव्हता. तो प्रत्येकाला स्वतःच्या चुकांतून शिकावा लागला, आणि त्या चुकांची किंमत पोरांनी भरली. हा संग्रह मला महत्त्वाचा वाटतो तो यासाठी. यात डावपेच आहेत, पण त्यांच्या शेजारी माणसंही आहेत. वाचताना त्या माणसांकडे जास्त लक्ष द्यावं, अशी माझी विनंती आहे. विशेषतः ते हरले त्या पानांवर रेंगाळा.

प्रशिक्षकच सगळं असतं, असा दावा मी करणार नाही. आमची काळी माती पावसाळ्यात बुटाला किलोभर चिकटते आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर तिला भेगा पडतात. मैदान नसेल, चेंडू नसेल, पोराला सकाळी दूध-अंडं मिळत नसेल, तर स्वभावाने काय होणार? मोठ्या क्लबांत पैसा बोलतो, नशीब बोलतं, एका पेनल्टीवर वर्ष फिरतं. हे सगळं खरं आहे. पण आपल्या गावातल्या मैदानावर पैसा येणार नाही हे ठाऊक असताना हातात उरतो तो एक शिट्टीवाला माणूस. त्याच्याबद्दल आपण कधी काही विचारतच नाही. पोराच्या शिकवणीचे सर कोण, त्यांचा निकाल किती टक्के, हे सगळ्या आळीला ठाऊक असतं. त्याच पोराला रोज संध्याकाळी दीड तास ज्याच्या ताब्यात देतो, त्या माणसाचं नावही पुष्कळ आईबापांना सांगता येत नाही.

म्हणून वाचकांना, विशेषतः सिंदी मेघेतल्या आणि वर्ध्याच्या आसपासच्या पालकांना, एक विनंती. या आठवड्यात एक दिवस संध्याकाळी साडेपाचला मैदानावर जा. कोचला भेटायची गरज नाही, कडेला उभे राहा. आपला पोरगा चुकला की तो आधी चेंडूकडे बघतो का कोचच्या तोंडाकडे, एवढंच पाहा. जमलं तर दुसऱ्या दिवशीही जा. आणि तिसऱ्या दिवशी सरांना चहाला घरी बोलवा.